आधी हाक, मग ढाल

टँक व्हायला कोणी तयार नसतं. माझ्या नातीचा पाच मैत्रिणींचा चमू आहे, त्या मोबाईलवर एक लढाईचा गेम खेळतात आणि त्यांच्यात यावरून भांडणं होत असत. एकीला धनुष्य हवं, दुसरीला आगीचे गोळे, तिसरीला इतरांच्या जखमा भरायच्या. सगळ्यांच्या पुढे उभं राहून मार खाणाऱ्याला टँक म्हणतात. ते काम करणारी एकच होती. ती बारावीनंतर बेळगावला हॉस्टेलात गेली आणि तिचं खेळणं सुटलं. म्हणून एका संध्याकाळी, माझ्या एका हातात चहाचा कप असताना, नातीने दुसऱ्या हातात आपला जुना टॅब ठेवला.

"आजी, तुका कांयच करूंक नाका. फक्त फुडें उबें रावपाचें आनी मार खावपाचो."

"तें माका येता," मी म्हटलं. "त्यात माझी डिग्री आसा."

हे मी खोटं बोलले. पण खोटं बोलतेय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

माझ्या वाट्याला एक दांडगी बाई आली. गळ्यापासून पायापर्यंत लोखंड आणि हातात दाराएवढी ढाल. या बाईला पाच कौशल्यं घेता येतात. यादीत चाळीसेक असतील, जागा पाचच. कोणतं कोणत्याबरोबर घ्यायचं, यातच सगळी अक्कल. मी चष्मा लावला, बाजाराची यादी करावी तशी यादी केली आणि निवड केली: जाड कातडी, मोठी ढाल, जागचं न हलणं, आपोआप भरत जाणारं रक्त, आणि प्रत्येक घाव निम्मा करणारी एक जादू. पाचही जागा सोसण्याने भरून टाकल्या. नात म्हणाली, "टाँट घे गो." मी वाचून पाहिलं. त्याने म्हणे शत्रूला डिवचता येतं, मग सहा सेकंद तो फक्त आपल्याच अंगावर येतो. मी त्याला हाक म्हणायला लागले. आणि ती घेतली नाही. म्हटलं, आपणहून कोणाला कशाला डिवचा? आपल्या घरात ते बसत नाही.

पहिल्याच लढाईत दोन डोक्यांचा राक्षस आला. मी ढाल धरून उभी. तो माझ्या बाजूने, म्हणजे अगदी पदराला वारा लागावा इतक्या जवळून, पुढे निघून गेला. लढाई संपली तेव्हा माझ्या अंगावर ओरखडा नव्हता. माझ्या मागे चौघी मेल्या होत्या.

"आजी, तुम्ही देवळाफुडली दीपमाळ काय?" कानातल्या यंत्रातून चमूतली नार्वे गावची मुलगी म्हणाली. जखमा भरायचं काम तिचं, आणि सगळ्यात आधी मेली होती तीच. "उब्योच!"

मग नातीने मला समोर बसवून समजावलं. तिची शिकवण्याची रीत माझ्या आईसारखी आहे, प्रत्येक वाक्यामागे एक सुस्कारा. "टँकचं काम मार खाणं नाही, आजी. मार आपल्याकडे ओढणं. नुसती सोसणारी असली तर तिच्याकडे बघणार कोण?" आणि वेळेचंही सांगितलं. राक्षसाने कोणाकडे मान वळवली, की त्याचा हात उठायच्या आत हाक मारायची. एकदा घाव पडला की मग हाक मारा नाहीतर आरती म्हणा. "आधी हाक, मग ढाल. ढाल आधी धरलीस तर ऐन वेळेला ती उतरलेली असता."

जागा पाचच, त्यामुळे हाक घ्यायची तर आपल्या रक्षणाचं काहीतरी सोडायचं. मी खूप घासाघीस केली. आधी कातडी सोडली, ती परत घेऊन ढाल लहान केली. मग हाकेबरोबर काटे घेऊन पाहिले. मारणाऱ्यालाच टोचतात असे काटे, माझ्या स्वभावाला अगदी साजेसे. पण बारक्यासारक्यांवर ते चालतात, मोठ्या राक्षसाला त्याची गुदगुलीच होते. शेवटी घाव निम्मा करणारी जादू हाकेसाठी सोडली, आपोआप भरणारं रक्तही सोडलं आणि त्या जागी पाठराखण घेतली, म्हणजे शेजारणीवरचा अर्धा घाव आपल्यावर. हाक, ढाल, पाठराखण, कातडी, जागचं न हलणं. "आता कशी शिकली!" नात म्हणाली.

दोनतीन आठवड्यांनी ते घडलं. राक्षस मोठा होता आणि नार्व्याची मुलगी कोपऱ्यात अडकली होती. त्याने तिच्याकडे मान वळवायला सुरुवात केली. मी हाक मारली. ती मान अर्ध्यावर थांबली आणि सावकाश माझ्याकडे फिरली. मी मेले, चौघी वाचल्या. "थँक यू हां, आजी," ती मुलगी म्हणाली. मी टॅब मेजावर पालथा ठेवला आणि जनेलाचे गज धरून बाहेर बघत उभी राहिले. ती अर्ध्यावरून फिरलेली मान मी आधी पाहिली होती. ती माझ्या सासूबाईंची होती.

मी लग्न होऊन मयेच्या या घरात आले तेव्हा मॅट्रिक होते, डिचोलीच्या बाजारपेठेतली होते आणि दोन वेण्यांना दोन रिबिनी बांधत होते. त्या मुलीला मी आता रिबिनवाली म्हणते, कारण तिला 'मी' म्हणायला जीभ वळत नाही. घरात सासूबाई आणि थोरली जाऊ. जावेला मी वयनी म्हणायची. ती पेडण्याकडची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पाचवी शिकलेली, आणि तिच्या तोंडाला दार नव्हतं. सासूबाईंना काही ना काही उलट बोलल्याशिवाय तिचा दिवस जात नसे. भात थोडा लागला, सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, की वयनी चुलीपाशी बसूनच म्हणणार, "जळको वास इलो? माका वाटलां तुमी चलत येतास." मग अर्धा तास तिचा उद्धार. भात कोणी लावला होता हे विचारायचं राहूनच जाई. भात बहुतेक वेळा मी लावलेला असे. रिबिनवालीचं मत असं होतं, की ही बाई भांडकुदळ आहे आणि आपण संस्कारी आहोत. गप्प बसण्याला ती संस्कार म्हणायची.

लग्नानंतरची पहिली चवथ. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी टांगतात. लाकडाची चौकट, आणि तिला रानातली, कुळागराच्या बागेतली फळं, सुपारीचे घोस, एकत्र बांधलेल्या नारळांच्या पेंडी. सगळं केवणीच्या सालीने बांधायचं, दुहेरी गाठ मारून, वर एक पीळ देऊन. मोठी ओझी पुरुष बांधत. मी हट्ट धरला की एक पेंड मी बांधणार. आणि बांधली. सालीची गाठ मला ओबडधोबड वाटली, म्हणून मी तिला रिबिनीसारखं फूल काढलं. दोन पाकळ्या, दोन शेपट्या. दिसायला फार सुंदर होतं ते.

गणपती बसून दोन तास झाले नव्हते. मी देवाच्या खोलीत समईत तेल घालत होते. वर काहीतरी सरकल्याचा आवाज आला आणि पेंड सुटून मूर्तीवर पडली. मोदकाचा हात मनगटापासून तुटून माझ्या पायापाशी आला.

सगळं घर दारात गोळा झालं. सासूबाईंच्या हातात नेवऱ्या तळायचा झारा तसाच, त्यातून तेल ठिबकत होतं. त्या आरडाओरडा करणाऱ्या बाई, पण त्या वेळी आवाज अगदी खाली आला. "कोणी बांधली ही पेंड?" एकेकाकडे बघत त्यांची मान फिरत माझ्याकडे यायला लागली. माझ्या शेजारी वयनी येऊन उभी राहिली होती. तिने पायाच्या अंगठ्याने माझा पाय जमिनीशी असा दाबला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मोठ्याने म्हणाली,

"कोणी का बांधीना! एवढ्यान मोडता तो देव कित्याक हाडलास घरात? पुढल्या वर्सा लाकडाचो हाडा."

मान अर्ध्यावरून फिरली.

त्यानंतर पेंडीचा प्रश्न त्या घरात कधी कोणी विचारला नाही. देवाविषयी असं बोललेल्या बाईपुढे गाठीची काय कथा? भटजींनी सांगितलं म्हणून त्याच दुपारी मूर्ती तळीवर विसर्जनाला नेली. पाच दिवसांची चवथ एका दिवसात संपली. पुढच्या वर्षी मामंजी वारले, तेही वयनीच्या जिभेच्या नावावर पडलं. चवथीत तिला देवाच्या खोलीची उंबरठ्याबाहेरची बाजू नेमून दिली. तिसऱ्या वर्षी भावोजींनी केरीच्या फेरीबोटीवरचं काम धरलं आणि दोघं तिकडेच राहायला गेली.

रिबिनवालीने काय केलं? त्या चवथीच्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याला आपला सुजलेला पाय दाखवला. "वयनींनी मुद्दाम चेंगरला," म्हणाली. आणि केरीला जायला निघालेल्या वयनीला निरोप देताना मनात म्हणाली, सुटलं एकदाचं घर. गंमत पुढेच आहे. वयनी गेल्यावर सासूबाई एकाएकी बिघडल्या. उठता बसता माझ्यावर. मला वाटलं, वयामुळे होत असेल. चाळीसहून जास्त वर्षं मला तसंच वाटत होतं, आणि खरं कारण कळायला मला टॅबवरचा राक्षस लागला.

मागच्या पावसाळ्यात वयनी झटका येऊन पडली. उजवं अंग गेलं, जीभ गेली. मी तेव्हा बिस्किटांचा पुडा घेऊन गेले होते, चहा होईपर्यंत बसले होते आणि "देव बघता" असं म्हणून परत आले होते. आता जनेलापाशी उभी राहून मला एकच गोष्ट कळत होती. हे तिला सांगायचं आहे, आणि तिच्याकडे वेळ थोडा आहे. डॉक्टरांनी म्हणे दुसरा झटका येऊ शकतो असं सांगून ठेवलं होतं.

पुढच्याच रविवारी मी निघाले. डिचोली, म्हापसा, पेडणे, तीन बशी बदलून. नात बरोबर आली. तिला केरीचा समुद्र बघायचा होता.

वयनीचं घर सुरूच्या झाडांमागे. परसातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतात, दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या. भावोजी वारून बरीच वर्षं झाली. मुलगा बोटीवर, वर्षातले नऊ महिने बाहेर. खोल्या, सासू, घर, सगळं सुनेवर. आम्ही आत गेलो तेव्हा ती वयनीला पेज भरवत होती. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून पेज खाली येत होती.

"गिळा, आई. गिळा म्हणतंय मां! माका अजून दोन खोल्यो झाडूच्यो आसत." तिने चमचा वाडग्यात आपटला. वयनी छताकडे बघत होती.

ती सून वाईट नाही. थकली होती. थकलेल्या माणसाची मान कशी वळायला लागते ते मला आता लांबून ओळखू येतं. मी चप्पल न काढताच म्हटलं,

"ही पेज? माका वाटलां चादरी धुतलेलां पाणी."

मान फिरली.

"काय म्हणालात, काकी?"

"मीठ तरी घातलंस मगे? की तां पण पर्यटकांक दिलंस?"

मग जे सुरू झालं! वर्षातून एकदा येतात, बिस्किटांचा पुडा घेऊन येतात आणि पेजेला नावं ठेवतात. रात्री तीनदा उठून कूस कोण बदलतं? नवरा फोनवर विचारतो, आई बरी आसा मां, बायकोचं कोण विचारतं? कंबर कोणाची मोडली? मी अधूनमधून एकेक शब्द टाकत होते, आच कमी होऊ नये म्हणून. गेममध्ये सहा सेकंद मिळतात, इथे पाव तास मिळाला. तेवढ्यात नातीने, कोणी न सांगता, वाडगा उचलला आणि वयनीच्या डाव्या बाजूला बसून चमचा चमचा पेज भरवायला लागली. अर्ध्याहून जास्त पेज पोटात गेली.

सून डोळे पुसत चादरी काढायला बाहेर गेली. मी खाटेच्या पायथ्याशी बसले. वयनीचा पाय चादरीबाहेर होता. मी त्याचा अंगठा माझ्या अंगठ्याने दाबला, त्या दिवशी तिने दाबला होता तसा जोरात, आणि म्हटलं, "वयनी, ती पेंड मी बांधली होती. रिबिनीचं फूल काढून."

काही नाही. डोळासुद्धा हलला नाही. मी आणखी जोरात दाबला. आणि मग लक्षात आलं की तो उजवा पाय होता.

वळसा घालून मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेले. नातीला जरा सरक म्हटलं. डावा पाय दाबला आणि सगळं पहिल्यापासून परत सांगितलं. भाताचं, माटोळीचं, आणि तिने पाय चेंगरला अशी तक्रार केल्याचंही. बोलता बोलता सून चादरींचा गठ्ठा घेऊन दारात आली.

"कसली पेंड, काकी?"

"एक जुनी. गणपतीवर पडली होती."

"मगे आता तिचां कोणाक काय?"

खरंच होतं. हे ज्यांना ऐकवायचं ते सगळे तळीपलीकडच्या स्मशानात. वयनीला तर पहिल्यापासूनच ठाऊक होतं. चाळीस वर्षांनी मी जिच्यासाठी ही बातमी आणली होती, त्या एकीला तिची गरज नव्हती.

वयनीने नाकातून एक आवाज केला. पूर्वी चुलीपाशी करायची तसा, "हं." तो जुनाच होता की नुसता कफ होता, मला सांगता येणार नाही. नातीने विचारलं, "कितें म्हणाली गो?" मी म्हटलं, "माका कळूंक ना." आणि पाय धरून बसून राहिले.

पुढच्या आठवड्यात सुनेचा फोन आला. "काकी, परत कधी येतास पेजेक नावां ठेवूक? त्या दिवशी आईन बरीच पेज खाल्ली." मी म्हटलं, रविवारी.

मग दर रविवारी तीन बशी. पेज पातळ, पेज दाट, तांदूळ जुना, वाडगा कळकट. सून कंबरेवर हात ठेवून दारातच उभी असे, "आज काय कमी आसा?" म्हणून. ती माझ्यावर सगळं ओतायची आणि मग वयनीच्या अंगाला तेल लावताना तिचा हात मऊ असायचा. या सगळ्यात वयनी माझ्याकडे बघायची की नाही? कधी बघायची. एकदा माझ्या एका फार वाईट शेऱ्यावर तिच्या डाव्या गालाला खळी पडल्यासारखी वाटली. रिबिनवाली असती तर तिने लगेच म्हटलं असतं, वयनीने मला माफ केलं. मी तसं म्हणत नाही. रविवार किती मिळाले ते मी मोजले नाहीत, पण चाळीस वर्षांत किती होतात ते मोजायला बसले होते एकदा, आणि अर्ध्यावर सोडून दिलं.

चवथ आठ दिवसांवर असताना वयनी गेली. सुतक आमच्याही घरी. त्या वर्षी माटोळीला काहीच बांधलं नाही. चौकट नुसतीच छताला, आणि तिच्यावरून मागच्या वर्षीचा सालीचा एक तुकडा लोंबत होता. दुहेरी गाठीचा.

बाराव्याला मी केरीला गेले आणि रात्री तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे पांगले. दहा वाजता सुनेने माझ्यापुढे पेजेचा वाडगा ठेवला, बाजूला लोणच्याची फोड. खाट उचलून बाहेर नेली होती, तिथे भिंतीवर एक फिकट पट्टा दिसत होता. सून नेहमीसारखी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. वाट बघत.

मी एक घोट घेतला. मीठ बरोबर होतं. तांदूळ नीट शिजला होता. माझ्या तोंडात एक शब्द तयार होता, आदल्या दिवशी येताना तीन बशी बदलेपर्यंत मी तो घासून ठेवला होता. पण जिच्यासाठी मान फिरवायची ती आता त्या खोलीत नव्हती.

"बरी जाल्या गो पेज," मी म्हटलं.

ती तिथेच, चुलीपाशी, खाली बसली आणि रडायला लागली. मी पेज संपवली. वाडगा तळापर्यंत पुसून खाल्ला.